लुसाकाच्या शाळेत खेळ शिकवायला जाताना : विद्यार्थी स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

झांबियाची राजधानी लुसाका समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोड्याच कमी उंचीवर वसलेली आहे. त्यामुळे जून-जुलैमध्ये सकाळी आठ वाजता तेथील शाळेच्या मैदानावर पोहोचलेल्या स्वयंसेवकाला उकाड्याने घामाघूम झालेला आफ्रिका दिसत नाही. स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेली, उन्हाच्या तुकड्यात उभी राहिलेली साठ-सत्तर मुले दिसतात आणि त्यांच्या मध्ये एक चेंडू असतो. याच चित्राला समोर ठेवून तयारी कशी करावी, हे या लेखात सांगायचे आहे.

ब्रिटनमधील काही विद्यापीठांचे खेळाडू-विद्यार्थी २००६ च्या सुमारास यूके स्पोर्ट या तेथील सरकारी क्रीडासंस्थेच्या पुढाकाराने लुसाकाला जाऊ लागले. त्यांना तेथे सामावून घेतले ते झांबियन लोकांनीच उभ्या केलेल्या संस्थांनी. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पोर्ट इन ॲक्शन आणि १९९९ मध्ये सुरू झालेली एड्यूस्पोर्ट फाउंडेशन या त्यांपैकी प्रमुख होत. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बाहेरचे विद्यार्थी येण्यापूर्वीच तेथे वस्त्यांमधील तरुण मुले-मुली 'पीअर लीडर' म्हणून लहानांना खेळवत होती. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मीही अशाच एका गटातून आठ आठवड्यांसाठी गेले होते. पुण्यात दहा वर्षे खो-खो खेळल्यामुळे आपल्याला मुलांना खेळवता येते, असा माझा समज होता. तो समज दुसऱ्याच दिवशी उतरला. आज त्या उपक्रमांतून जाणारे किंवा भारतातून स्वतंत्रपणे जाऊ इच्छिणारे मराठी विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट आधी विचारते : तुम्ही परत आल्यानंतरच्या सोमवारी त्या मैदानावर शिट्टी कोण वाजवणार आहे? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाला धरून आहे.

जावे की नाही, आणि कोणाबरोबर

संस्था निवडताना माहितीपत्रकातील छायाचित्रे बाजूला ठेवून काही प्रश्न लेखी विचारावेत. स्वयंसेवकांची मागणी शाळेने केली आहे की संस्थेने शाळेला तसे सुचवले आहे? मैदानावर तुमच्याबरोबर कोणता स्थानिक प्रशिक्षक किंवा शिक्षक असेल, आणि त्या वेळचा मोबदला त्याला मिळतो का? तुमच्या आधी गेलेल्या गटाने काय केले आणि त्यातले आज काय चालू आहे? तुम्ही भराल त्या रकमेतील किती भाग झांबियातील संस्थेकडे पोहोचतो? या प्रश्नांना नेमकी उत्तरे देणारी संस्था थोडी रूक्ष वाटली तरी तिच्याबरोबर जावे. 'मुलांना तुमचे प्रेम हवे आहे' असे उत्तर देणाऱ्या संस्थेपासून मात्र दूर राहावे. अनाथाश्रमात राहून तेथील मुलांना खेळवण्याचे उपक्रम तर माझ्या मते पूर्णपणे टाळावेत, कारण ज्या मुलांची माणसे आधीच सुटलेली आहेत, त्यांच्या आयुष्यात दर दोन महिन्यांनी एक नवा ताई-दादा येऊन निघून जाणे हे त्यांच्या हिताचे नसते.

संस्था तुमच्याकडून पोलीस पडताळणी मागत नसेल, तर तो नाही म्हणण्यास पुरेसा आधार समजावा. ब्रिटनमधून जाणाऱ्यांना विद्यापीठामार्फत मुलांबरोबर काम करण्यासाठीची पार्श्वभूमी तपासणी करून घेता येते. भारतातून जाणाऱ्यांना पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळते. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

शाळेचे वेळापत्रक

ही पायरी क्षुल्लक वाटते आणि सर्वांत जास्त फजिती येथेच होते. झांबियातील शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि त्यात तीन सत्रे असतात : पहिले साधारणपणे जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, दुसरे मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आणि तिसरे सप्टेंबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याकडील महाविद्यालयांच्या परीक्षा संपवून एप्रिलअखेर तेथे पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या फाटकाला कुलूप दिसते. त्याला वस्तीतील मैदानावर जमतील तेवढी मुले मिळतील; पण ज्यांच्या हाती काम सोपवून यायचे, ते शिक्षक भेटणार नाहीत. भारतातून जाणाऱ्यांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचून जूनअखेरपर्यंत राहावे. परदेशातील विद्यापीठांतून जाणाऱ्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचावे आणि जुलैचे शेवटचे दिवस परीक्षांमुळे हाती लागणार नाहीत असे धरून चालावे. हा काळ कोरड्या थंडीचा असल्याने खेळासाठीही सोयीचा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो आणि मातीचे मैदान अनेकदा चिखलात जाते.

एकाच शाळेत सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या भरतात, हेही आधी समजून घ्यावे. २०२२ पासून सरकारी माध्यमिक शाळांचेही शुल्क माफ झाले, पटसंख्या वाढली आणि वर्ग भरून वाहू लागले. त्यामुळे तुम्हाला दिलेला तास म्हणजे कोणत्या पाळीची, कोणत्या इयत्तेची किती मुले, हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावे.

घरच्या मैदानावर तालीम

जाण्यापूर्वी किमान आठ शनिवार जवळच्या एखाद्या महापालिकेच्या शाळेत, तेथील शिक्षकांच्या परवानगीने, साठ मुले आणि दोन चेंडू घेऊन खेळ घ्यावेत. स्वतः चांगले खेळणे आणि खेळ घेणे यांत किती अंतर आहे ते पहिल्याच शनिवारी समजते. बारा जणांच्या क्लबमध्ये चालणारे सराव साठ जणांत कोसळतात. एक मूल चेंडू मारते आणि एकोणसाठ मुले रांगेत एकमेकांना चिमटे काढतात. रांग हा शब्दच मनातून काढून टाकावा, असे मी आता सर्वांना सांगते.

दुसरी तयारी नेटबॉलची. झांबियातील शाळांत मुलांचा खेळ फुटबॉल आणि मुलींचा खेळ नेटबॉल अशी जुनी विभागणी आहे. ती आता सैल होत आहे. झांबियाच्या महिला फुटबॉल संघाने २०२३ च्या विश्वचषकात खेळून ती आणखी सैल केली. तरीही शाळेतील मुलींची पहिली मागणी बहुधा नेटबॉलचीच असते आणि आपल्याकडच्या बहुतेकांना तो खेळ येत नाही. संघात सात जणी असतात, खांब ३.०५ मीटर उंच असतो आणि त्यामागे बास्केटबॉलसारखी फळी नसते. चेंडू टप्पे देत पळवता येत नाही, तीन सेकंदांहून अधिक काळ हातात ठेवता येत नाही, आणि चेंडू झेलताना जो पाय आधी जमिनीवर टेकला तो उचलला, तर पुन्हा टेकण्यापूर्वी चेंडू सोडावा लागतो. गोल फक्त दोन ठरावीक खेळाडूंनाच करता येतो. हे नियम वाचून समजतात, पण पायांत उतरायला महिना लागतो. बास्केटबॉल खेळलेल्यांना तर अधिकच, कारण चेंडू हातात आला की त्यांचा पाय आपोआप पुढे पडतो.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र घ्यावे. मुरगळणे, खरचटणे आणि चक्कर येणे ही तेथील मैदानावरची नित्याची दुखणी आहेत. चक्कर येण्याचे कारण बहुधा रिकामे पोट हे असते, म्हणून दमवणारे सराव सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास घेऊ नयेत.

कागदपत्रे आणि औषधे

यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र घेऊन, स्वयंसेवेच्या कामासाठी कोणता व्हिसा किंवा परवाना लागतो हे झांबियाच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी विचारून घ्यावे. 'आधीचे सगळे पर्यटक म्हणूनच गेले' या ऐकीव भरवशावर विमानात बसू नये. भारतातून जाताना अदिस अबाबासारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. इथिओपिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे येता-जाता किती तास कोठे थांबणार आहात यावर त्या लसीचे प्रमाणपत्र लागेल की नाही हे ठरते. ही लस भारतात सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य होते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना तुम्ही दिवसभर उन्हात उभे राहणार आहात हे आवर्जून सांगावे. डॉक्सिसायक्लिन या गोळीने काही जणांची त्वचा उन्हात पोळते, आणि ती परत आल्यानंतरही चार आठवडे घ्यावी लागते. कुत्रा चावल्यास काय करायचे, म्हणजे रेबीजच्या पूर्वलसीकरणाचा विषयही त्याच भेटीत काढावा, कारण मोकळ्या मैदानावर कुत्री असतातच.

पाण्याबाबतची शिस्त केवळ स्वतःपुरती ठेवू नये. २०२३ च्या अखेरीस लुसाकात कॉलऱ्याची मोठी साथ आली, जानेवारी २०२४ मध्ये शाळा उघडणे पुढे ढकलावे लागले आणि शहरातील नॅशनल हीरोज स्टेडियममध्ये उपचार केंद्र उभारावे लागले. खेळाच्या मैदानावर खाटा लागलेल्या पाहिलेल्या शहरात, खेळ संपल्यावर साबणाने हात धुण्यासाठी राखून ठेवलेली पाच मिनिटे कोणालाही अनाठायी वाटत नाहीत. एकाच बाटलीला सर्वांनी तोंड लावू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून स्वतः पाळून दाखवावा.

सामान

आमच्या गटाने बारा चेंडू हवा काढून, घड्या घालून नेले होते आणि पंपाची सुई एकच नेली होती. ती दुसऱ्या चेंडूत तुटली. पुढचे चार दिवस दहा चेंडू एका कोपऱ्यात पुऱ्या फुगायच्या राहिल्यासारखे पडून होते. म्हणून सुया दहा न्याव्यात, पंप दोन न्यावेत आणि चेंडू मात्र शक्यतो तेथेच घ्यावेत. लुसाकातील कमवाला भागात भारतीय, विशेषतः गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि खेळाचे साधे सामान शहरातील बाजारपेठांत मिळते. चेंडू फाटल्यावर नवा कोठून आणायचा, हे शिक्षकांना ठाऊक असलेल्या दुकानातूनच पहिला चेंडू आणला, तर दुसरा आणणे त्यांच्या आवाक्यात राहते.

याखेरीज दोन शिट्ट्या, संघ ओळखण्यासाठी दोन रंगांच्या कापडी पट्ट्या, एक मोजपट्टी आणि टोपी एवढे पुरे. प्लॅस्टिकचे शंकू नेण्याची गरज नाही. वाळू भरलेल्या बाटल्या वाऱ्याने उडतही नाहीत. मैदान आखायला आपल्याकडे चुन्याची फक्की मारतात, तेथे काठीने मातीत रेघ ओढली तरी चालते. स्टड असलेले बूट मात्र घरीच ठेवावेत. निम्मी मुले अनवाणी असतात आणि बुटाखाली सापडलेले एक बोट सगळ्या खेळाचा विरस करते. बूट असलेल्या आणि नसलेल्या मुलांना एकत्र खेळवताना सर्वांनाच बूट काढायला सांगावे, किंवा चेंडू फक्त हाताने खेळायचा खेळ घ्यावा.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात खेळ घेऊ नये. मुख्याध्यापकांना भेटावे, अभ्यागतांच्या नोंदवहीत सही करावी, शिक्षकांच्या खोलीत बसावे आणि तास पाहावेत. अभिवादनाला तेथे आपल्यापेक्षाही अधिक मान आहे. ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कामाचे बोलणे उद्धटपणाचे समजले जाते. मोठ्यांच्या नावाआधी आदराने 'बा' लावतात, आणि तुम्हीही तो लावावा. लुसाकात न्यांजा भाषा सर्वत्र चालते. 'मुली ब्वांजी?' म्हणजे 'कसे आहात?', त्यातील 'मुली' शब्दाला आपल्या मुलींशी काही देणेघेणे नाही. 'झिकोमो' म्हणजे धन्यवाद आणि 'इमानी' म्हणजे थांबा. मराठी कानाला खरा धोका आहे तो 'थामांगानी' या शब्दाचा. तो ऐकला की आपण थांबतो, आणि त्याचा अर्थ आहे 'पळा'. मी स्वतः एकदा या गोंधळात चाळीस मुलांच्या वाटेत खांबासारखी उभी राहिले होते.

गोऱ्या सहकाऱ्याला मुले 'मुझुंगू' म्हणून हाक मारतील. भारतीय चेहऱ्याला 'म्वेन्ये' म्हणतील आणि कमवालातील एखाद्या दुकानदाराची तुम्ही नातेवाईक असाल असे गृहीत धरतील. त्यात रागावण्यासारखे काही नसते. तुमचे नाव दहादा सांगितले की ते बोलू लागतात.

याच आठवड्यात मुले आपसांत काय खेळतात ते टिपून घ्यावे. प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक गुंडाळून, दोरीने घट्ट बांधून केलेल्या चेंडूला तेथे 'चिंपोम्ब्वा' म्हणतात आणि तो वळण्यात मुलांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी सफाईचा असतो. जमिनीवर बसून खडा वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत इतर खडे उचलायचे, हा 'चियेंगा' नावाचा मुलींचा खेळ पाहताना मला थेट आजीचे सागरगोटे आठवले. मी हात पुढे केला आणि तिसऱ्या फेरीत बाद झाले. एका अर्थाने माझी खरी ओळख त्या क्षणी झाली.

साठ मुले, साठ मिनिटे

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. येथे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण उपक्रम टिकतो किंवा मोडतो तो याच तासात.

पहिली पाच मिनिटे गोल करून नमस्कार-चमत्कार, मोजणी आणि गट पाडणे यांसाठी ठेवावीत. गट पंधरा-पंधराचे चार करावेत आणि ते आठवडाभर बदलू नयेत, म्हणजे रोज त्यात वेळ जात नाही. पुढची दहा मिनिटे अंग गरम करण्यासाठी विषामृत घ्यावे. साहित्य लागत नाही, नियम एका वाक्यात कळतात, कोणी बाद होऊन बाजूला बसत नाही, आणि 'विष' देऊन थिजवलेल्या भिडूला 'अमृत' देऊन सोडवण्यात सगळी मुले सतत पळत राहतात. राज्य घेणारे चार जण ठेवले की साठ जणांतही खेळ रंगतो. 'विष' आणि 'अमृत' यांसाठी शब्द मुलांनीच ठरवावेत. आमच्या मुलांनी बर्फ आणि ऊन असे शब्द घेतले होते, आणि त्या थंडीत ते अधिक शोभले.

त्यानंतरची पंचवीस मिनिटे चार चौकोनांत वाटावीत. समजा, आजचा विषय नेटबॉलमधील झेल आणि पायांची टेकण हा आहे. पहिल्या चौकोनात खरा चेंडू घेऊन तिघांतिघांनी झेलणे-फेकणे. दुसऱ्यात तेच चिंपोम्ब्वा घेऊन, कारण फेकण्यासाठी चेंडूला टप्पा असण्याची गरज नसते. तिसऱ्यात चेंडूशिवाय, धावत येऊन शिट्टीवर एका पायावर थांबण्याचा आणि दुसऱ्या पायाने गिरकी घेण्याचा सराव. चौथ्यात दगडाचे लक्ष्य मांडून नेम धरण्याचा सराव. सहा-सहा मिनिटांनी गट पुढच्या चौकोनात सरकतात. प्रत्येक चौकोनावर एक पीअर लीडर, शिक्षक किंवा वरच्या वर्गातील मूल असते आणि तुम्ही कोणत्याही चौकोनावर नसता. तुम्ही मधून फिरता. ही गोष्ट सुरुवातीला फार जड जाते; हात शिवशिवतात. पण एका चौकोनात अडकलेला स्वयंसेवक पंधरा मुलांना शिकवतो आणि पंचेचाळीस मुलांना गमावतो.

चुका सुधारताना एका वेळी एकच सांगावी आणि सांगण्याऐवजी दाखवावी. माझ्या पहिल्या आठवड्यातील दाखवणे असे झाले : मी झोकात पळत येऊन चेंडू झेलला आणि खो-खोच्या सवयीने आणखी दोन पावले टाकली. समोरच्या बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने दोन बोटे तोंडात घालून कर्कश शिट्टी मारली, पंचाच्या ऐटीत हात वर केला आणि माझ्याकडून चेंडू काढून घेतला. सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. मग तिने स्वतः पळत येऊन चेंडू झेलला, उजवा पाय मातीत असा रोवला की टाचेभोवती अर्धवर्तुळ उमटले, आणि त्या अर्धवर्तुळावरच वळून चेंडू सोडला. मी तिला पुन्हा दाखवायला सांगितले आणि सर्वांना ते मातीतील अर्धवर्तुळ पाहायला बोलावले. त्यानंतर पायांचा सराव घेताना आम्ही कधी नियम समजावून सांगितला नाही. 'टाचेचा चंद्र पुसला का ते पाहा' एवढेच, त्यांच्या शब्दांत, पुरत असे. तिसऱ्या चौकोनाची जबाबदारी उरलेले सात आठवडे त्या मुलीकडेच होती.

त्यानंतर पंधरा मिनिटे सामने. मैदानाचे चार छोटे भाग करून प्रत्येक भागात सात विरुद्ध सात, उरलेले एक-दोन जण पंच आणि गुणलेखक. दर तीन मिनिटांनी पंच बदलायचे. सामना कापून सराव वाढवण्याचा मोह टाळावा, कारण मुले सामन्यासाठीच येतात. शेवटची पाच मिनिटे पाणी, साबण आणि 'उद्या चौकोनांवर कोण' हे ठरवण्यासाठी.

शिस्तीबद्दल एक कठीण गोष्ट. झांबियात २०११ च्या शिक्षण कायद्याने शाळेतील मारहाणीला बंदी आहे, तरी हातात छडी घेतलेले कोणी दिसले तर मैदानावरच वाद घालू नये. त्याने मुलांसमोर शिक्षकाची मान खाली जाते आणि छडी तशीच राहते. संस्थेच्या समन्वयकाला त्याच दिवशी सांगावे. तुमच्या तासात मात्र पळण्याच्या किंवा बैठकांच्या शिक्षा देऊ नयेत. ज्या गोष्टीची गोडी लावायची, तीच शिक्षा म्हणून देण्यात काय अर्थ आहे?

मुलींचा वेळ

मुली गैरहजर राहिल्या तर त्यांना उत्साह नाही असा निष्कर्ष काढू नये. पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, संध्याकाळचे न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवणे ही कामे बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतात. जूनमध्ये लुसाकात पावणेसहापूर्वी सूर्य मावळतो, म्हणून त्यांचा सराव साडेचारला संपलाच पाहिजे, आणि त्या दोघी-तिघी मिळून घरी जातील हे पाहावे. पाळीच्या दिवसांत मैदान टाळणाऱ्या मुलीला कारण विचारू नये. पंच किंवा गुणलेखक होण्याची वाट सर्वांसाठीच खुली ठेवावी. धाकटे भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवण्याऐवजी रेघेबाहेर एक चटई टाकून त्या बाळांची जागा करावी. आमच्या मैदानावर ती चटई पडल्यानंतर मुलींची संख्या वाढली.

झांबियातील अनेक क्रीडा-उपक्रमांत खेळांच्या आडून एचआयव्हीविषयी माहिती दिली जाते. तो भाग पीअर लीडरनाच घेऊ द्यावा. भाषा, वय, घरातील दुःखे आणि कोणत्या शब्दाला कोण दुखावेल हे त्यांना कळते. आठ आठवड्यांच्या पाहुण्याला ते कळत नाही.

मुलांची सुरक्षितता

खेळातील मुलांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर आठ सुरक्षा-निकष मांडले गेले. त्यांचे तात्पर्य रोजच्या वागण्यात असे येते : कोणत्याही मुलाबरोबर बंद जागेत एकटे राहू नये, शरीराची ठेवण सुधारताना हात लावण्याऐवजी स्वतः करून दाखवावे, मुलांशी फोनवर किंवा समाजमाध्यमांवर खासगी संपर्क ठेवू नये, आणि मूल काही गंभीर सांगू लागले, तर 'कोणाला सांगणार नाही' असे वचन न देता ऐकून घेऊन ते नेमलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे. ती व्यक्ती कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

छायाचित्रांसाठी शाळेची आणि पालकांची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी फाटक्या गणवेशातील मुलाला कडेवर घेतलेले आपले छायाचित्र लावण्यापूर्वी, पुण्यातील शाळेत येऊन कोणी आपल्या धाकट्या भावाचे तसे छायाचित्र लावले असते तर काय वाटले असते, हे आठवावे. भेटवस्तू एका मुलाला देऊ नयेत. बुटांचा एक जोड दिल्याने एक मूल आनंदते, साठ मुले तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि त्या मुलाच्या हातून बूट कोणी काढून घेतले तर तुम्ही तेथे नसता. काही द्यायचेच असेल, तर ते शाळेला, नोंद करून द्यावे.

आपला खेळ न्यावा का?

खो-खो शिकवावा का, असे मराठी मुले हमखास विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच होते, त्यामुळे उत्साह समजण्यासारखा आहे. खेळ साहित्याशिवाय होतो आणि मातीवर होतो, हेही खरे. तरी तो पाहुण्याचा खाऊ समजून एखाद्या शनिवारी द्यावा; नियमित तासाची जागा त्याने घेऊ नये. शिक्षकांना ज्या आंतरशालेय स्पर्धांसाठी संघ तयार करायचा असतो, त्यांत फुटबॉल आणि नेटबॉल असतात, खो-खो नसतो. तुमच्या खेळासाठी त्यांचे सहा आठवडे खर्च करणे न्याय्य नाही. उकिडवे बसलेल्या मुलांनी 'खो' मिळताच उसळून उठणे त्यांना फार आवडते, एवढे मात्र सांगते. त्यातील सूर मारणे शिकवू नये. लाल माती आपल्याकडच्या तयार केलेल्या मैदानाइतकी मऊ नसते.

हाती सोपवणे

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात तास तुम्ही आणि शिक्षक मिळून घ्यावा. चौथ्या-पाचव्यात शिक्षकांनी घ्यावा आणि तुम्ही एखादा चौकोन सांभाळावा. सहाव्यानंतर तुम्ही चेंडू गोळा करावेत, बाटल्या मांडाव्यात आणि विचारल्याशिवाय बोलू नये. या काळात तास थोडा विस्कळीत होईल, शिट्टी उशिरा वाजेल, रांगा पुन्हा दिसू लागतील. तेथे पुढे होऊन शिट्टी हातात घेणारा स्वयंसेवक मागच्या सहा आठवड्यांवर पाणी फिरवतो.

मी छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून नेलेली सरावांची चाळीस सुबक कार्डे कपाटातून कधी बाहेर आली नाहीत. उपयोगी पडली ती दोनशे पानी वही, जिच्यात तेथील बाईंनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या खुणांनी, दर तासानंतर चौकोन काढून लिहिले होते. म्हणून कार्डे नेऊ नयेत. एक कोरी वही आणि पेन न्यावे, आणि तास संपल्यावरची दहा मिनिटे त्या लेखनासाठी मुख्याध्यापकांकडून आधीच मागून घ्यावीत.

निरोपाच्या दिवशी मोठी स्पर्धा ठेवण्याची पद्धत आहे. ती तुमच्या निघण्याच्या चार दिवस आधी ठेवावी, म्हणजे त्यानंतरचा एक साधा, नेहमीचा तास तुम्हाला पाहता येईल. आमच्या शेवटच्या तासाला मी रेघेबाहेर बाळांच्या चटईपाशी बसले होते. बाईंनी विषामृत घेतले, चौकोन लावले, आणि तिसऱ्या चौकोनातील ती मुलगी एका नव्या मुलाची टाच मातीत दाबून दाखवत होती. मध्येच एक चेंडू बसला. बाईंनी खेळ न थांबवता तो माझ्याकडे फेकला, आणि सुया कोणत्या खणात आहेत ते हाताने खुणावले.